बुटिक बेस गिटार : बनावट, आराम आणि कोकणची हवा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत ऑर्केस्ट्रात, चर्चच्या क्वायरमध्ये, बेंजो पार्टीत किंवा घरच्या घरी बेस वाजवणाऱ्यांकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मात्र इंचात, कारण सगळे तसंच बोलतात. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. बुटिक बेस म्हणजे नक्की काय? महाग असला की बुटिक का?

नाही. बुटिक म्हणजे छोट्या कार्यशाळेत, मोजक्या संख्येने आणि बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या मापाने बनवलेला बेस. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तो कारखान्यासाठी: बॉडी वेगळी, नेक (डाव्या हाताने धरायची लांब मान) वेगळा, चार स्क्रूंनी जोडला की झालं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलेम्बिकने याच्या उलट वाट धरली. निवडक लाकडांचे थर, बॉडीच्या आरपार जाणारा नेक आणि आत बॅटरीवर चालणारं सर्किट. पुढे ब्रुकलिनचं फोडेरा (१९८३), इंग्लंडचं वॉल, कॅनडाचं डिंगवॉल, जर्मनीचं रिटर अशी रांग लागली.

या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे विकणारा तो कशालाही चिकटवू शकतो. आमची कसोटी साधी आहे. नेकची जाडी, तारांमधलं अंतर आणि एकूण वजन तुम्ही सांगाल तसं मिळणार असेल तर बुटिक. नसेल तर तो महागडा कारखानी बेस, आणि त्यातही वाईट काही नाही.

२. एवढे पैसे मोजायचे ते आवाजासाठी की आरामासाठी?

आरामासाठी, आणि नेक जागच्या जागी राहावा यासाठी. आवाजातला बराचसा फरक पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबक), प्रीअँप (आवाज घडवणारं आतलं सर्किट), तारा आणि तुमची बोटं मिळून पाडतात. हजार-दोन हजारांच्या तारा बदलून जेवढा फरक पडतो तेवढा वरच्या नक्षीदार लाकडाने पडत नाही. वर लावलेली ती पट्टी बहुधा ५-६ मिलिमीटर जाडीची असते. ती शोभेची आहे असं समजून आवडली तर जरूर घ्या, पण तिच्यासाठी नेकवरचा खर्च कापू नका.

लग्नाच्या हॉलमध्ये चार तास उभं राहून वाजवताना मनगट अवघडलं नाही, आणि जूनमध्ये होता तसाच बेस ऑगस्टमध्येही वाजला, तर पैसे वसूल.

३. दुकानात पंधरा मिनिटांत आराम कसा तपासायचा?

स्वतःचा पट्टा घेऊन जा. दुकानातला पट्टा दुसऱ्याच उंचीचा असतो. आधी अँपला न जोडता हे बघा.

बसून मांडीवर घ्या आणि दोन्ही हात सोडा. बेस डोक्याकडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, झुकला तर प्रश्न ५ वाचा. मग उभे राहा. बसल्यावर जिथे होता साधारण तिथेच तो पोटावर टेकला पाहिजे. उजवा हात तारांवर ठेवा: बॉडीची वरची कड कोपराखालच्या मांसात रुतते का? चांगल्या बेसला तिथे उतार दिलेला असतो आणि मागे पोटासाठी खोलगट भाग असतो. नेड स्टाइनबर्गरने १९७७ मध्ये स्पेक्टरसाठी आखलेली बॉडी याचा उत्तम नमुना आहे. मागून आत वळलेली आणि पुढून फुगीर, त्यामुळे ती अंगावर ठेवल्यासारखी न वाटता अंगाला धरून बसते. अशी बॉडी अंगाला लावून पाहिली की सपाट फळी किती टोचते ते कळतं.

आता डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नेकच्या दोन्ही कडांवरून नटपासून (डोक्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी) बॉडीपर्यंत हलके फिरवा. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं कानस मारून गोल केलेली असतील तर काहीच लागणार नाही. करवतीचे दात लागल्यासारखं वाटलं तर किंमत कितीही असो, काम घाईत झालं आहे. शेवटी सर्वांत वरच्या फ्रेटवर करंगळी न्या. तळहात नेकच्या जोडाला आपटतो का? बुटिक बेसमध्ये हा जोड तासून गोल केलेला असतो, आणि तिथे हात अडत असेल तर चोवीस फ्रेट असून उपयोग शून्य.

हे सगळं झाल्यावर अँप लावा.

४. वजन किती असावं? माझा खांदा दुखतो.

चार तारांचा बेस ३.५ ते ४ किलो असेल तर उत्तम, ४.५ पर्यंत चालतो. त्याच्या वर गेला की लांबलचक कार्यक्रमाला जाणवतोच. विक्रेत्याच्या तोंडच्या वजनावर जाऊ नका. मासळी बाजारात असतो तसा हुकाचा लटकता काटा किंवा प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा घ्या, पट्टा हुकाला अडकवा आणि आकडा वाचा. मग पट्ट्याचं वजन वजा करा.

पट्टा किमान ७५ मिलिमीटर रुंद हवा. त्याने वजन कमी होत नाही, खांद्यावर पसरतं. रुंद पट्टा लावूनही मान आणि खांदा दुखत असेल तर बहुतेक वेळा दोष वजनाचा नसून तोलाचा असतो: डावा हात नेक उचलून धरायच्या कामाला लागलेला असतो.

५. बेसचं डोकं सारखं खाली जातं. उपाय काय?

आधी कारण. पट्टा दोन ठिकाणी अडकतो: वरच्या शिंगाच्या टोकाला आणि बॉडीच्या मागे. शिंगाचं टोक साधारण बाराव्या फ्रेटच्या समोर येत असेल तर तोल साधतो. ते पंधराव्या-सोळाव्यापाशीच संपत असेल आणि बॉडी हलकी असेल तर डोकं खाली जाणारच. म्हणून अगदी हलकी बॉडी हे नेहमी वरदान नसतं.

उपाय या क्रमाने करा. आतून खरखरीत चामड्याचा पट्टा लावा, तो कपड्यावर घसरत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर हलक्या खुंट्या बसवा. नेहमीच्या जड खुंट्यांच्या जागी हलक्या आल्या की चार मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन कमी होतं, आणि तेही अगदी टोकाचं. घेण्यापूर्वी डोक्यातल्या भोकाचा व्यास मोजा, १४ आणि १८ मिलिमीटरच्या खुंट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. बॉडीच्या मागच्या बाजूला शिशाचे तुकडे चिकटवायचा सल्लाही दिला जातो. त्याने तोल सुधारतो, पण वाढलेलं वजन खांद्यावर येतं.

मुळावरच घाव घालायचा तर डोकंच नसलेला बेस. खुंट्या ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) असतात, लांबीही कमी, एसटीच्या रॅकवर मावतो. फक्त एक विचारून घ्या: त्याला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात की साध्या तारा चिमट्यात धरता येतात? खास तारा कोकणातल्या दुकानात मिळणं कठीण. ऐन गणपतीत तार तुटली तर मुंबईहून पार्सल येईपर्यंत बसून राहावं लागेल.

६. माझे हात लहान आहेत. ३४ इंची स्केल झेपेल का?

आकड्यांत पाहू. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ इंची बेसवर सुमारे १३० मिलिमीटर, ३२ इंचीवर १२२ आणि ३० इंचीवर ११४. म्हणजे ३४ वरून ३० वर आलात तर चार बोटांच्या पसाऱ्यात दीड सेंटिमीटर वाचतो. तो लहान हाताला भरपूर आहे.

पण आधी पट्टा दोन भोकं वर घेऊन बघा. बेस कमरेखाली लोंबत असेल तर मनगट काटकोनात वळतं आणि मोठ्या हातालाही पहिला फ्रेट लांब वाटतो. नेक जमिनीशी ३०-४० अंशांत वर धरला की निम्म्या तक्रारी मिटतात. नेकची रुंदीही बघा: फेंडरच्या जॅझ बेसचा नट साधारण ३८ मिलिमीटर असतो, जुन्या धाटणीच्या प्रिसिजनचा ४१ ते ४४. लहान हाताला लांबीपेक्षा ही जाडजूड पकडच जास्त छळते.

३० इंची बेसला तार कमी ताणलेली असते. जोरात ओढणाऱ्याच्या हातात ती सैल वाटते, आणि सर्वांत जाड ई तारेचा आवाज जरा भोंगळ होतो. ३२ इंच हा चांगला मध्यममार्ग आहे.

७. चार तारा पुरतात की पाच घ्याव्यात? आणि ते तिरके फ्रेट कशासाठी?

चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई ४१ हर्ट्झच्या आसपास असते, पाचव्या तारेची बी ३१ च्या आसपास. गायकाच्या सोयीने पट्टी रोज बदलत असेल तर पाचवी तार कामाला येते. पण मंडपातले बरेचसे स्पीकर ३१ हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत, हे लक्षात ठेवूनच खर्च करा.

आरामाच्या दृष्टीने खरा प्रश्न ब्रिजवरच्या अंतराचा. दोन तारांत १९ मिलिमीटर असेल तर अंगठ्याने थाप मारणाऱ्यांना मोकळं वाटतं, पण पाच तारांचा नेक फळीएवढा होतो. १६.५ ते १७.५ मध्ये डाव्या हाताला सुख. चार तारांवरून पहिल्यांदाच पाचवर येणाऱ्यांनी १८ च्या आसपास घ्यावं.

बी तार लांब असली की घट्ट आणि स्वच्छ वाजते, सर्वांत बारीक 'जी' तार लांब असली की चरचरीत होते. म्हणून तिरके, पंख्यासारखे पसरलेले फ्रेट. रॅल्फ नोव्हॅक यांनी १९८९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. डिंगवॉलच्या अनेक पाच तारी बेसवर बी ३७ इंच आणि जी ३४ इंच असते. दिसायला विचित्र, पण मधले फ्रेट जवळजवळ सरळच असतात. अवघड जातं ते पहिल्या दोन-तीन फ्रेटवर.

सहा तारांची कल्पना बेसवादक अँथनी जॅक्सन यांची. त्यांच्यासाठी कारागीर कार्ल थॉम्प्सन यांनी १९७५ मध्ये पहिला बनवला. ती वाट वेगळी आहे, गरज म्हणून कुणी सहाव्या तारेकडे जात नाही.

८. दर पावसाळ्यात नेक वाकतो. ट्रस रॉड (नेकचा वाक सांभाळणारी आतली सळई) मी स्वतः फिरवू का?

फिरवा, पण मोजून. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ५० टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस ८५ च्या वर असते, तेव्हा ते १७-१८ टक्क्यांकडे जायला बघतं. फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली वरची फळी) आणि मागचं लाकूड सारखं फुगत नाही, म्हणून नेक वाकतो. पुढे वाकेल की मागे हे लाकडावर आणि पॉलिशवर ठरतं, त्यामुळे 'पावसाळा आला, पाव फेरा आवळा' असा नियम नाही.

मोजायचं असं. बेस सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा किंवा बोटाने दाबा, आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबून धरा. आता सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालपर्यंतची फट मोजा. गॅरेजमध्ये स्पार्क प्लगची फट बघायला वापरतात तेच फीलर गेज इथे चालतं. ०.३० ते ०.४० मिलिमीटर बरोबर. ०.५० च्या वर असेल तर नेक पुढे वाकला आहे: रॉड आवळा, म्हणजे रॉडच्या फिरवायच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. फट जवळपास नसेलच तर उलट.

एका वेळी एक-अष्टमांश फेरा. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा, आणि शेवटचं माप दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, कारण लाकूड हळूहळू बसतं. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवा. रॉड घट्ट लागला आणि पुढे जाईना तर थांबा. जोर लावून तुटलेला रॉड बदलायचा म्हणजे फ्रेटबोर्ड उचटावा लागतो.

चुकीची किल्ली हे सर्वांत मोठं नुकसान. गावच्या हार्डवेअरच्या दुकानात अ‍ॅलन कीचा संच मिलिमीटरचा मिळतो, अमेरिकी बेसला किल्ली बहुधा इंची लागते. सॅडलच्या (ब्रिजवरचा तारेचा टेकू) १/१६ इंची स्क्रूत १.५ मिलिमीटरची किल्ली बसल्यासारखी वाटते, पण फक्त ०.०९ मिलिमीटरचा फरक स्क्रू गुळगुळीत करायला पुरतो. रॉडची ३/१६ इंची किल्ली म्हणजे ४.७६ मिलिमीटर: ५ ची शिरत नाही, ४.५ ची आत फिरते. बेससोबत आलेल्या किल्ल्या बेसच्या केसमध्येच (पेटीतच) ठेवा.

रॉड झाल्यावरच बाराव्या फ्रेटवर तारेची उंची लावा: ई २ ते २.५ मिलिमीटर, जी १.५ ते २. त्यानंतर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून सॅडल पुढेमागे करणं), सर्वांत शेवटी पिकअपची उंची. क्रम उलटा केला तर प्रत्येक काम दोनदा.

९. रॉड बरोबर आहे तरी तारा खरखरतात. का?

कुठे खरखरतात ते ऐका. पहिल्या पाच फ्रेटमध्ये: नेक अजूनही मागे वाकलेला आहे, प्रश्न ८. फक्त मोकळी तार: नटाची खाच खोल गेली आहे. फक्त बाराव्याच्या पुढे: एकतर अ‍ॅक्शन (तारेची उंची) खाली आहे, किंवा बॉडीच्या जोडापाशी फ्रेटबोर्डाचं टोक वर उचललं गेलं आहे. हे टोक रॉडने खाली येत नाही. तिथले फ्रेट घासावे लागतात, आणि ते काम जाणत्याकडेच द्या. एकाच फ्रेटवर तार खरखरत असेल तर तो ओलाव्याने खाचेतून वर आलेला असू शकतो. अनुभवी कारागीर तो दाबून, बारीक गोंद सोडून बसवतो.

नेकला पीळ पडला असेल, म्हणजे ई आणि जी तारेखालची फट बरीच वेगळी येत असेल, तर रॉडचा काही उपयोग नाही.

१०. नेक-थ्रू (बॉडीच्या आरपार नेक), बोल्ट-ऑन (स्क्रूंनी जोडलेला), पाच पट्ट्यांचा नेक, ग्रॅफाइट: आपल्या हवेला काय सोसतं?

जोडाच्या प्रकारापेक्षा नेक कसा बांधला आहे हे महत्त्वाचं. एकाच फळीऐवजी तीन किंवा पाच उभ्या पट्ट्या, लाकडाच्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटवल्या की त्या एकमेकींना आवरून धरतात. आत कार्बनच्या दोन कांड्या असतील तर आणखी बरं. मागच्या बाजूला मॅट पॉलिउरेथेनचा थर असलेला नेक, फक्त तेल किंवा मेण लावलेल्या नेकपेक्षा ओलावा सावकाश घेतो. तेलाचा नेक हाताला मऊ लागतो यात वाद नाही, पण किनाऱ्यावर त्याचं भाडं दर पावसाळ्यात ट्रस रॉडने भरावं लागतं.

बोल्ट-ऑनचा फायदा दुरुस्तीत. नेक काढून कारागिराकडे पाठवता येतो. नेक-थ्रूमध्ये अख्खा बेस न्यावा लागतो आणि नेक बिघडला तर बेस गेला. वरच्या फ्रेटवर हात सुरेख जातो, हे त्याचं सुख. कोकणात राहून एकच बुटिक बेस घ्यायचा असेल तर आम्ही बोल्ट-ऑन, पाच पट्ट्या आणि कार्बनच्या कांड्या असंच सांगू.

अपवाद: पूर्ण ग्रॅफाइटचा नेक ओलाव्याने हलत नाही. पण जुन्या काही ग्रॅफाइट नेकमध्ये ट्रस रॉडच नसतो. तारांची जाडी बदलून फट कमीजास्त झाली तर हातात काहीच उपाय राहत नाही. घेण्यापूर्वी रॉडचं तोंड डोळ्यांनी बघा.

११. समुद्राजवळ राहतो. तारा, फ्रेट, स्क्रू सगळं गंजतं. काय करू?

खाऱ्या हवेपेक्षा तुमचा घाम आधी खातो, खारी हवा त्यात भर घालते. वाजवून झालं की तारा वरून आणि खालून पुसा. जुन्या धुतलेल्या पंचाचा तुकडा यासाठी एक नंबर. आवरणवाल्या तारा महाग असल्या तरी किनाऱ्यावर साध्या तारांच्या दुपटीने सहज टिकतात. ब्रिजच्या प्रत्येक स्क्रूवर दोन महिन्यांतून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, टूथपिकच्या टोकाने. थेंब म्हणजे थेंब, लाकडावर ओघळू देऊ नका.

नेहमीच्या फ्रेटला निकेल-सिल्व्हर म्हणतात, त्यात चांदी मुळीच नसते. तांबं, निकेल आणि जस्त. ते काळपट-हिरवे होतात. स्टेनलेसचे फ्रेट होत नाहीत आणि झिजतातही फार सावकाश, म्हणून नवीन बेस बनवून घेताना तेच सांगा. सोनेरी मुलाम्याचं हार्डवेअर टाळा, हाताखालचा मुलामा आधी जातो.

फ्रेट स्टीलवूलने घासायचे असतील तर पिकअपवर आधी टेप लावा. लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

आणि फ्रेटबोर्डाला खोबरेल लावू नका. हा सल्ला घरोघरी मिळतो. खोबरेल लाकडात वाळत नाही, चिकट होतं, खवट वास धरतं आणि त्यावर धूळ बसते. फ्रेटबोर्डासाठी मिळणारं मिनरल किंवा लेमन ऑइल वर्षातून एक-दोनदा, तेही पावसाळा संपल्यावर. मेपलच्या लॅकर केलेल्या बोर्डाला काहीच लावायचं नाही.

१२. पावसाळ्यात बेस केसमध्ये ठेवावा की बाहेर?

रोज वाजवत असाल तर बाहेर, आतल्या भिंतीपाशी, स्टँडवर. बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवू नका. स्टँडचं रबर नायट्रोसेल्युलोज पॉलिशला खातं, मध्ये सुती कापड ठेवा. आठवडेच्या आठवडे हात लागणार नसेल तर केसमध्ये सिलिका जेलसह. ५० ग्रॅमच्या तीन-चार पिशव्या, आणि रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवून परत. जेल न वाळवता केस दोन महिने बंद ठेवलीत तर आत बुरशीची शेती होते. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक टाका. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ पर्यंत चालतं. डांबर गोळ्या नकोत: वास अस्तरात बसतो आणि काही प्लास्टिक त्याने मऊ पडतं.

एसी गाडीतून थेट दमट मंडपात आलात तर केस लगेच उघडू नका. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, नाहीतर थंड तारांवर आणि फ्रेटवर दव धरतं. मे महिन्यात उन्हात बंद गाडीत बेस ठेवणं त्याहून वाईट. आतलं तापमान ६० अंशांपर्यंत चढू शकतं आणि गोंदाची पकड ढिली पडते.

१३. अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) बेसची बॅटरी सारखी उतरते. सर्किट खराब आहे का?

बहुतेक वेळा केबल काढायची राहते. केबल खोचली की बॅटरी सुरू होते, आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. सर्किट २ मिलिअँपिअर घेत असेल तर २५० तास, म्हणजे केबल लावून ठेवलीत तर दहा दिवसांत संपली. स्वस्त साध्या बॅटऱ्या त्याहून लवकर.

जोरात तार ओढल्यावर आवाज फाटू लागला की बॅटरी संपत आली असं समजा. पावसाळ्यात बेस पडून राहणार असेल तर बॅटरी काढा, गळलेलं पाणी संपर्कपट्ट्या खातं. बटणं फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीसेक फेरे.

१४. मंडपात घरघर येते, कधी माईकला ओठ लागले की झटका बसतो.

दोन वेगळ्या गोष्टी. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ते नेहमीचं आहे. साध्या एकेरी पिकअपमध्ये ती येतेच, दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की बऱ्याच बेसमध्ये घटते.

झटका मात्र गंभीर आहे. अँप आणि माईकचं मिक्सर यांच्यातल्या एकाला अर्थिंग नाही किंवा वायर उलट्या जोडल्या आहेत. वाजवणं थांबवा. बेसच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे मधली वाट तुमच्या शरीरातून जाते. जनरेटर असेल तर त्याचा अर्थ रॉड ओल्या जमिनीत ठोकला आहे का ते वायरमनला विचारा, अँप आणि मिक्सरला वीज एकाच ठिकाणाहून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावायला सांगा. घरघर घालवायला प्लगची मोठी पिन तोडणारे अजून आहेत. तसं कधीही करू नका. डीआय बॉक्सवरचं (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्ट वापरा, ते फक्त सिग्नलचा अर्थ तोडतं.

१५. फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा बेस इथेच बनवून घेता येईल का?

बॉडी येईल. फणस वाद्यांना परका नाही, तंजावरची वीणा फणसाचीच. बेसच्या बॉडीत साधारण चार लिटर लाकूड जातं. परदेशात वापरतात तो अल्डर घनमीटरला ४५० किलोच्या आसपास, म्हणजे बॉडी १.८ किलो. साग ६५० च्या आसपास, म्हणजे २.६. हे आठशे ग्रॅम खांद्यावर येतात (प्रश्न ४). म्हणून सागाची बॉडी आतून पोकळ्या कोरून करायला सांगा. साग तेलकट असतो: चिकटवण्याआधी लगेच अ‍ॅसिटोनने पुसला नाही तर सांधा सुटतो. रंध्याची पातीही लवकर बोथट होतात.

नेक मात्र इथल्या ताज्या फळीचा नको. सॉ मिलवरची 'सुकलेली' फळी घराच्या वाशाला सुकलेली असते, नेकला नव्हे. ओलावामापकावर ८ ते १० टक्के आल्याशिवाय आणि रेषा उभ्या असल्याशिवाय हात लावू नये. मेपलचा तयार नेक मागवून त्यावर फणसाची बॉडी हा व्यवहारी मार्ग.

१६. फ्रेटलेसच्या (फ्रेट नसलेल्या बेसच्या) बोर्डाला बोटींचा इपॉक्सी लावतात म्हणे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मिळेल का?

लावतात हे खरं. बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसवर बोटींचा इपॉक्सीच चढवला होता, गोल गुंडाळीच्या तारा बोर्ड खाऊ नयेत म्हणून. पण होड्यांच्या फायबरकामाला बहुधा पॉलिस्टर रेझिन वापरतात, ते वेगळं. ते ठिसूळ असतं आणि लाकडावर तितकं धरत नाही. डबा वाचून घ्या. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते आणि पुढचा थर चिकटत नाही. फ्रेटलेसला प्रश्न ८ मधली फट निम्मीच ठेवा, ०.१५ ते ०.२०.

१७. शिसवी फ्रेटबोर्डाचा बेस परदेशातून आणताना अडवतात का?

२०१७ च्या सुरुवातीला शिसवाच्या सगळ्या जाती साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या) कराराच्या यादीत आल्या तेव्हा कागदपत्रांचा मोठा गोंधळ झाला. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा. त्यावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत आणि तयार वाद्यालाही परवाना लागतो. बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या.

१८. ऑर्डर देताना काय काय लिहून द्यायचं?

आज जो बेस हाताला बसतो त्याची मापं: नटाची रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी नेकची जाडी (बहुधा २० ते २४ मिलिमीटरमध्ये येते), ब्रिजवरचं अंतर, स्केल. व्हर्नियरने मोजा, अंदाज नको. वजनाची कमाल मर्यादा किलोत लिहा, 'हलका' असं नव्हे. वाद्य किनाऱ्यावर, ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रतेत राहणार हे पहिल्या ओळीत लिहा. बनवणारा त्यावरून नेकचं बांधकाम आणि पॉलिश ठरवतो. नेक न काढता ट्रस रॉड फिरवता यावा, बॅटरीचं झाकण बिनस्क्रूचं असावं, स्क्रू स्टेनलेसचे असावेत, आणि सगळ्या किल्ल्यांची मापं कागदावर मिळावीत.

आणि बेस नोव्हेंबरात पोचेल असं ठरवा. जुलैत आलेला बेस उघडल्या दिवशी नीट लावला तरी दिवाळीपर्यंत त्याची सगळी मापं बदललेली असतात.